गेटवरची गर्दी

'किराये से देना है.' ही पाटी मी २०१३ची दिवाळी झाल्यावर फाटकाला तारेने बांधली, तेव्हा गाठसुद्धा पक्की मारली नाही. आठवड्याभरात सोडायचीच आहे, असा हिशेब होता. पाटी चौदा महिने राहिली. पावसाळ्यात तिच्यावरचा फोन नंबर धुऊन गेला, तो मी ऑइलपेंटने पुन्हा गिरवला. पुढे पुढे तर गल्लीतली पोरं पत्ता सांगताना 'वो बोर्ड वाले मकान के बाजू में' म्हणायला लागली. घर गल्लीची खूण झालं, पण त्याला भाडेकरू काही मिळेना.

आज निदान चार ओळखीचे लोक माझ्याकडे विचारायला येतात: थोडे पैसे साठलेत, भाड्याने द्यायला एखादं घर घ्यावं म्हणतो, कुठे घेऊ? मी फसले म्हणूनच मला विचारतात, हे मला कळतं. ज्याचं सगळं नीट झालं तो फक्त 'घेऊन टाका' म्हणतो.

मी जबलपूरजवळच्या खमरियातली. बाबा भंडाऱ्याकडचे, चीनच्या युद्धानंतर दारूगोळ्याच्या कारखान्यात माणसं हवी होती, तेव्हा इथे आले आणि इथलेच झाले. आमचं बालपण टाइप-टूच्या क्वार्टरमध्ये गेलं. ऑर्डनन्स फॅक्टरी खमरिया १९४२ची, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभी राहिलेली. त्याआधी जबलपुरात १९०४पासून गन कॅरेज फॅक्टरी होती. १९६९मध्ये व्हीकल फॅक्टरी आली, शिवाय ग्रे आयर्न फाउंड्री. या सगळ्यांच्या आधाराने शेजारची रांझीची वस्ती वाढली. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई कुकर भोंग्यावर लावायची. सुटीचा भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा निघायचा. त्यात बाबांची सायकल ओळखणं हा आम्हा भावंडांचा खेळ होता. पुढे सायकलींच्या जागी मोटारसायकली आल्या, लोंढा तसाच राहिला.

घर घेताना माझ्या डोळ्यांसमोर तोच लोंढा होता. एवढी माणसं रोज इथून बाहेर पडतात, त्यांतली दोन कुटुंबं मला पुरे. मी शहरात विम्याच्या कचेरीत नोकरीला होते, आकडे रोज हाताळत होते. तरी ही बेरीज मी वहीत न करता मनात केली, आणि मनात केलेली बेरीज नेहमी बरोबर येते.

घर रांझीच्या एका आतल्या गल्लीत, खमरियाच्या बाजूला. खाली एक पोर्शन, वर एक पोर्शन, दोन्हीकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. किंमत साडेअठरा लाख. साडेसहा लाख माझ्या साठवणीतले, बारा लाख बँकेचे. सव्वादहा टक्के व्याज, पंधरा वर्षं, हप्ता तेरा हजारांच्या वर थोडासा. दलाल म्हणाला, एकेका पोर्शनचे साडेसहा हजार आरामात येतील. साडेसहा दुणे तेरा. भाड्यातून हप्ता फिटणार, पंधरा वर्षांनी घर फुकटात माझं! ही बेरीज मला इतकी आवडली की ती तपासावी असं वाटलंच नाही. रजिस्ट्रीचा खर्च आणि रंगरंगोटी, मोटर, वायरिंग धरून एकवीस लाखांच्या वर गेले, तेही मी वेगळ्या कप्प्यात ठेवले, जणू ते घरावर खर्च झालेच नव्हते.

पहिला धक्का जुन्या शेजारच्या चाचांनी दिला. ते बाबांच्या बरोबरीचे, निवृत्त होऊन रांझीतच घर बांधून राहिलेले. पाटी बघून म्हणाले, "बिटिया, फैक्ट्री वाला तुम्हारे यहाँ क्यों रहेगा?" मी म्हटलं, का नाही राहणार? तेव्हा त्यांनी गेटमधून बाहेर पडणाऱ्या माणसांची जी फोड करून दाखवली, ती मी घर घ्यायच्या आधी कुणाकडून ऐकली असती तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

लोंढ्यातला एक मोठा हिस्सा क्वार्टरमध्ये जातो. कारखान्याची वसाहत त्यासाठीच बांधलेली असते. लायसन्स फी नाममात्र, मैदान, शाळा, दवाखाना हाकेवर. दुसरा हिस्सा स्वतःच्या घरी जातो, कारण रांझी, मानेगाव, गोकलपूर, अधारताल इथे बापाने किंवा सासऱ्याने बांधलेली घरं आहेत. तिसरा हिस्सा पनागरकडे नाहीतर कुंडम रस्त्यावरच्या गावांकडे मोटारसायकलला किक मारून निघून जातो. त्याची शेती तिकडे, म्हातारे आईबाप तिकडे. उरतात ते बदलीवर आलेले काही साहेब आणि नवी भरती. साहेबाला शहर हवं असतं. नव्या पोराला एक खोली हवी असते, तीही तिघांत.

मी स्वतः क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्या बाबांनी नोकरीभर एका रुपयाचं भाडं कुणा घरमालकाला दिलं नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या बाबांनीही नाही. हे मला माहीत होतं, पण घर घेताना ते आठवलंच नाही, आठवली फक्त गर्दी.

म्हणून विचारायला येणाऱ्याला मी पहिलं हेच सांगते. लोक कामाला कुठे जातात ते बघून घर घेऊ नका. ते रात्री झोपतात कुठे, ते बघा. कारखाना, विद्यापीठ, छावणी, मोठं इस्पितळ अशा संस्थांजवळ घर घ्यायचा मोह होतो, आणि नेमक्या याच संस्था आपल्या माणसांची सोय स्वतः करतात. वसाहत आहे का, हॉस्टेल आहे का, त्यात जागा भरलेल्या आहेत की रिकाम्या, हे गेटबाहेरच्या चहावाल्याला विचारलं तरी कळतं. रिकामी क्वार्टरं दिसली तर समजून घ्यावं की सरकार नावाचा घरमालक तुमच्यापेक्षा स्वस्तात जागा द्यायला बसलाय आणि त्यालाही भाडेकरू मिळत नाहीयेत.

दुसरी गोष्ट कळायला मला वर्ष लागलं. रांझीत माझी स्पर्धा कुणाशी होती? निवृत्त कामगाराशी. तो ग्रॅच्युइटी आणि फंडाच्या पैशातून घर बांधतो, मुलगा पुण्याला नाहीतर बंगळूरला असतो, वरचा मजला रिकामा पडलेला असतो. त्याच्या डोक्यावर हप्ता नाही. त्याला पैशापेक्षा रात्री वर कुणाच्या तरी पावलांचा आवाज हवा असतो. तो तीन हजारांत पोर्शन देतो, भाडेकरणीच्या मुलाला दुपारी सांभाळतो, वर संक्रांतीला तिळाचे लाडू. त्याच्याशी मी, तेरा हजारांच्या हप्त्याची, काय झुंजणार? ज्या वस्तीत घरमालक बहुसंख्येने कर्जमुक्त आणि म्हातारे आहेत, तिथे कर्ज काढून भाड्याचा धंदा करायला जाऊ नये. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. पाटीखाली उभं राहून शिकले.

आणि तिसरी, जी मला तर सर्वांत आधी सुचायला हवी होती: भाडं देणाऱ्याच्या खिशात भाड्यासाठी आहेत किती? सरकारी नोकराचा घरभाडे भत्ता हे याचं उघडं माप. सहाव्या वेतन आयोगात जबलपूरसारख्या वाय वर्गातल्या शहराला तो मूळ वेतनाच्या २० टक्के होता. २०१३मध्ये खालच्या ग्रेडच्या कामगाराचं मूळ वेतन ग्रेड पे धरून नऊ-दहा हजार. म्हणजे भत्ता अठराशे ते दोन हजार. माणूस पदरचे हजारभर घालील, फार तर दीड हजार. माझे साडेसहा हजार तो कुठून आणणार? सातव्या आयोगानंतर सरकारने जुलै २०१७पासून टक्का १६ केला, पण मूळ वेतन वाढलं आणि वाय शहरात भत्ता ३,६०० रुपयांच्या खाली जाणार नाही अशी तळरेघ आखली. महागाई भत्ता पंचवीस टक्क्यांवर गेल्यावर तोच टक्का १८ झाला, पन्नासवर गेल्यावर जानेवारी २०२४पासून २०. माझ्या गल्लीतली भाडी याच पायऱ्यांनी चढली. बाजारभाव म्हणून वेगळं काही नव्हतंच; भत्त्याचा आदेश निघाला की रांझीतला घरमालक पाचशे वाढवायचा. तुम्ही घेणार त्या वस्तीत सरकारी नोकर नसतील, तर तिथल्या नर्सचा, दुकानातल्या कारागिराचा, कंपनीतल्या पोराचा पगार विचारा आणि त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर भाड्याची रेघ मारा. त्या रेघेवरून मागे येत घराची किंमत ठरवायची. मी किमतीवरून भाडं ठरवलं होतं.

चौदा महिन्यांनी वरचा पोर्शन ३,२०० रुपयांना गेला, त्यानंतर खालचा ३,५००ला. दोन्ही भरलेले असतानाचं पहिलं पूर्ण वर्ष मी एकदाचं वहीत मांडलं. भाड्याचे ८०,४००. त्यातून नगर निगमचा कर, पाण्याची मोटर जळाली ती, गच्चीची गळती, खालच्या पोर्शनचा मधला दीड महिना रिकामा. हातात उरले साठ हजारांच्या आसपास. एकवीस लाखांवर साठ हजार म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत, आणि मी घर घेतलं तेव्हा बँक मुदत ठेवीवर साडेआठ-नऊ टक्के देत होती. हप्ता माझ्या पगारातून जात होता तो वेगळाच. भाऊ म्हणाला, "ताई, तू भाड्याने घर दिलं नाहीस, दोन कुटुंबांना दत्तक घेतलंस."

भावालाही बोलायला जागा नव्हती, हे जाता जाता सांगते. त्याने पुण्यात वाकडला फ्लॅट घेतला होता, हिंजवडीच्या आयटी पार्कवर डोळा ठेवून. तिथे माझ्या उलट होतं: भाडेकरू हॉस्टेलात राहणारे नव्हते, पगार भक्कम, रांग लागलेली. चार वर्षं तो मला शिकवत होता. २०२० उजाडलं, कंपन्यांनी पोरांना घरून काम करायला सांगितलं, आणि त्याचे दोन्ही भाडेकरू सामान भरून अकोल्याला आणि इंदूरला गेले. फ्लॅट बराच काळ रिकामा. कोट्यातही गेल्या काही वर्षांत कोचिंगला येणारी मुलं घटली, तशी हॉस्टेलं आणि भाड्याच्या खोल्या ओस पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. एकाच झाडावर सगळी घरटी असली की फांदी मोडल्यावर जे होतं ते सगळीकडे सारखंच.

खमरियातही फांदी हलली होतीच. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले. आमची खमरिया म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेली, तिचं मुख्यालय पुण्याला. गन कॅरेज फॅक्टरीची कंपनी कानपूरची, व्हीकल फॅक्टरीची चेन्नईजवळच्या आवडीची. कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर धरलं, पगार-भत्ते तसेच राहिले. पण गल्लीत प्रश्न सुरू झाले: ऑर्डर किती, ओव्हरटाइम मिळणार का, भरती कायमची की ठरावीक मुदतीची? रांझीत ओव्हरटाइम बंद झाला की त्याची खबर आधी किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत लागते, मग घरमालकाला. एकाच मालकाच्या गावात घर घ्यायचं असेल तर त्या मालकाच्या ऑर्डरबुकाकडेही लक्ष ठेवावं लागतं. मला विम्याच्या कचेरीत बसून दारूगोळ्याच्या ऑर्डरींची काळजी लागली, ही गंमत बाबा असते तर त्यांना फार आवडली असती.

आता कागदांकडे येते. इथे मी थोडक्यात वाचले, हुशारीने नव्हे.

माझ्या या घराआधी मी एक स्वस्त घर बघितलं होतं, वस्तीच्या कडेला, पंधरा लाखांत. रजिस्ट्री तयार, मालक गोड. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने, वकिलाचा मुलगा तो, एवढंच विचारलं, "मॅडम, डायव्हर्शन झालंय का?" मध्य प्रदेशात शेतजमिनीचा निवासी वापर करायचा तर भू-राजस्व संहितेप्रमाणे डायव्हर्शन लागतं, महाराष्ट्रात ज्याला आपण एनए म्हणतो तेच. कॉलनी पाडायची तर कॉलनायझरचा परवाना आणि नगर तथा ग्राम निवेशकडून नकाशा मंजूर लागतो. तिथे यातलं काहीच नव्हतं. शेताचे तुकडे करून विकले होते. अशा कॉलनीत रजिस्ट्री होते, हे लोकांना खरं वाटत नाही; होते. रजिस्ट्री म्हणजे व्यवहाराची नोंद. ज्याने विकलं त्याला विकायचा हक्क होता, किंवा तिथे घर बांधायची परवानगी होती, याचा तो दाखला नव्हे. मग रस्ता होत नाही, नाली होत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि भाडेकरू पहिल्या पावसात चिखल बघून परत जातो. खसरा आणि बी-१, म्हणजे जमिनीचे उतारे, काढायचे, नाव कुणाचं ते बघायचं, रजिस्ट्रीनंतर तहसिलीत आणि नगर निगममध्ये दोन्हीकडे नामांतरण करून घ्यायचं. माझ्या ओळखीत एका बाईंनी निगमचं केलं, तहसिलीचं राहू दिलं. जुन्या मालकाच्या मुलांशी त्यांचा वाद अजून चालू आहे.

दारूगोळा बनतो तिथली आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. 'वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्ट' नावाचा १९०३चा कायदा आजही लागू आहे. त्याखाली केंद्र सरकार अधिसूचना काढून संरक्षण खात्याच्या ठिकाणांभोवती ठरावीक अंतरापर्यंत बांधकामावर बंधनं घालू शकतं. कायद्यात पाचशे, हजार आणि दोन हजार यार्डांच्या हद्दी आहेत. खमरिया असो, खडकी, देहूरोड, भंडारा की वरणगाव, अशा भिंतीच्या जवळ प्लॉट स्वस्त मिळत असेल तर विकणाऱ्याला नव्हे, निगमच्या भवन शाखेत लेखी विचारायचं की या खसऱ्यावर मजला चढवायची परवानगी मिळेल का. 'आजूबाजूला सगळ्यांनी बांधलंय' हे उत्तर नव्हे. आणि जबलपुरात जुनं घर घेताना भिंतीही बघा. २२ मे १९९७च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी अनुभवला त्यांना सांगावं लागत नाही. आम्ही त्या रात्री क्वार्टरबाहेर चटया टाकून बसलो होतो. त्यानंतर कित्येक घरांच्या भेगांवर नुसतं प्लॅस्टर फिरलं आहे. मी घेतलेल्या घरातही जिन्याजवळ एक तिरपी भेग निघाली, रंगाखाली.

मला लोक विचारतात, मग नागपूरला का नाही घेतलंस? आपला मुलूख, आपली माणसं. घेणार होते. मामा मागेच लागले होते: वर्धा रोडला घे, मिहान येतंय. २०१०च्या आगेमागे जबलपूरच्या गोलबाजारातल्या दत्तमंदिरात आरती झाल्यावरसुद्धा लोक मिहानबद्दल, नागपूरच्या विमानतळाजवळच्या त्या प्रकल्पाबद्दल, बोलायचे. 'येतंय' हा शब्द मी तेव्हापासून जपून ऐकते. मिहान आलं, एम्स आलं, मेट्रो २०१९मध्ये सुरू झाली, समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला. सगळं आलं. पण जो २०१० साली हप्ता भरू लागला त्याला २०१०चाच भाडेकरू हवा होता. येऊ घातलेल्या गोष्टीवर घर घेणारा भाव वाढेल म्हणून घेतो. भाडं हवं असणाऱ्याने आज, या महिन्यात, तिथे कोण राहायला तयार आहे तेवढंच बघावं. दोन्ही इच्छा एकाच घरावर लादल्या की दोन्ही अर्धवट राहतात. माझ्या मामांचं तेच झालं; प्लॉटचा भाव चांगला वाढला, घरात मात्र सहा वर्षं पारवे.

नागपूरला न घेण्याचं माझं कारण साधं होतं: पावणेतीनशे किलोमीटर. नळ गळाला तर मी जाणार कशी? या एका बाबतीत मी बरोबर होते. पहिलं घर आपल्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा ठिकाणी असावं. भाडेकरू ठेवणं हे काम आहे. ते शिकताना चुका होतात, आणि चुका जवळ असलेल्या बऱ्या. दूरचं घर कुणा नातेवाइकाच्या भरवशावर सोडलं की दोन वर्षांत घरही खराब होतं, नातंही.

पण जवळ आणि ओळखीचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ओळखीची जागा घेतली, जवळचीच पण दुसरी बघितलीच नाही. रांझीहून शहराकडे यायच्या वाटेवर गोकलपूरला १९४७चं इंजिनीअरिंग कॉलेज. अधारतालला १९६४चं कृषी विद्यापीठ. सिव्हिल लाइन्सकडे हायकोर्ट, त्यामुळे मंडल्याहून, बालाघाटहून आलेले तरुण वकील. २००३पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय, म्हणजे बदलीवर येणारी माणसं. मेडिकल कॉलेजच्या बाजूला नर्सेस, रेसिडेंट डॉक्टर, आणि रुग्णांचे नातेवाईक, ज्यांना महिना-दोन महिन्यांसाठी खोली हवी असते. वेगवेगळ्या झाडांवरचे पक्षी. शहराच्या मधोमध मला तेवढ्याच पैशांत निम्मं घर मिळालं असतं. एक खोली कमी, पण गेलेला भाडेकरू आठवड्यात भरून निघाला असता. मोठं घर हवं हा हट्ट कुणासाठी होता? त्यात राहणार मी नव्हतेच.

मधे एकदा रांझीचं घर विकायचं ठरवलं होतं. भाव ऐकला आणि गप्प बसले. मग चाचांच्याच सल्ल्याने खालच्या पोर्शनला मधे भिंत घातली, दोन सुट्या खोल्या केल्या, दोघांना मिळून ओटा, आणि छतावर एक जास्तीची टाकी. टाकीचं सांगते. चौदा महिन्यांत जे जे बघायला आले त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. "दीदी, पानी का टाइम क्या है?" नळ सकाळी येतो तेव्हा फॅक्टरीत जाणारा माणूस आणि नर्सिंग शिकणारी मुलगी दोघंही घराबाहेर पडलेली असतात. टाकी नसलेल्या घरात ते राहूच शकत नाहीत. हे मला पंधरा-सोळा जणांनी सांगितलं आणि मी दर वेळी त्यांना खोल्या किती मोठ्या आहेत ते दाखवत राहिले. खोल्यांत अप्रेंटिसची पोरं आली, पुढे कारखान्यात स्फोटकं हाताळतात त्या डेंजर बिल्डिंगमध्ये मुदतीवर लागलेली दोघं. खोली १,८००, मग २,२००, आता त्याहून बरी. त्यांचं सामान एका रिक्षात मावतं, म्हणून ती सहज जातात, आणि जाताना स्वतःच दुसरा आणून देतात.

करार अकरा महिन्यांचा, भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत ठाण्यात. महाराष्ट्रात घर असेल तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. इथले लोक तिकडे घर घेऊन इथल्यासारखा नुसता स्टॅम्प पेपर करतात आणि अडकतात. प्राप्तिकरात भाड्यातून निगमचा कर वजा जातो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. जुन्या पद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो, नव्या पद्धतीत नाही. 'कर वाचेल' म्हणून घर घेणाऱ्याने आपण कुठल्या पद्धतीत आहोत एवढं तरी बघावं.

गेल्या हिवाळ्यात भाची म्हणाली, मावशी, बेसाला एका स्कीममध्ये फ्लॅट बघितलाय, भाड्याने द्यायला, तू ये. मी नागपूरला गेले. विक्रीच्या कचेरीत चहा झाला, मॉडेल झालं, 'एनएमआरडीए मंजूर' झालं, रेरा नंबर मी वहीत उतरवून घेतला. पोरगी दुपारीच बयाणा द्यायच्या बेतात होती. म्हटलं, संध्याकाळी परत येऊ. शेजारीच त्याच बिल्डरची तीन वर्षांपूर्वी पुरी झालेली इमारत होती. साडेसातला आम्ही तिच्यासमोरच्या पानठेल्यावर उभ्या राहिलो आणि पेटलेल्या खिडक्या मोजल्या. अठ्ठेचाळीस फ्लॅट. भाची दोनदा मोजून म्हणाली, अकरा. पानठेलेवाल्याने चुना लावता लावता वर न बघता सांगितलं, "तेरा आहेत ताई. दोघं नाइट शिफ्टवाले."